सावडीची ओळ

सकाळी सहाच्या सुमारास दिंडोरी नाक्यावर मजुरांची जी गर्दी जमते, तिच्यात अक्काबाई ओळखायला सोपी. साडीवरून चढवलेला पुरुषी पांढरा सदरा, कपाळापर्यंत घट्ट आवळलेला रुमाल, कमरेला कलमाचा चाकू आणि काखेत शंभर पानी वही. द्राक्षबागेत कलमे भरणारी तिची बारा बायकांची टोळी आहे. पिकअप आली की ती एकेकीला हात देऊन वर चढवते, अकरा जागांवर नजर फिरवते आणि मग बाराव्या जागेवर स्वतः बसते. अकराव्या जागेवर कधी कधी कोणी नसते. त्या दिवशी अक्काबाई काही बोलत नाही, टोळीही बोलत नाही. त्या रिकाम्या जागेचीच ही गोष्ट.

अक्काबाई सुरगाण्याच्या डोंगरातली. नागली आणि भात निघाले की सगळा पाडा खाली द्राक्षबागांकडे जगायला यायचा आणि मृगाच्या आधी परत जायचा. चोवीस वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा भिका असेच आले, ते परत गेलेच नाहीत. पेठ रोडला वस्तीत खोली घेतली. भिकाला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, अक्काबाई एका मुकादमाच्या टोळीत शिरली. तो मुकादम हजेरी मांडताना हटकून एखादा दिवस खायचा. बायका कुरकुरायच्या, पण वाचता कोणाला येत होते? अक्काबाई तिशीत वस्तीतल्या साक्षरता वर्गाला जाऊन बसली. दोन वर्षांत नाव, आकडे आणि तारखा लिहू लागली. पुढे स्वतःची टोळी बांधली आणि पहिल्याच दिवशी बायकांसमोर वही उघडून म्हणाली, "ही वही कुणीबी, कधीबी बघायची. माझ्याकडं झाकपाक नाय."

तेव्हापासून तिच्या हजेरीवर कोणी बोट ठेवले नाही. ओझरकडचे नाना बागाईतदार माणसे पारखून घेणारे. तेही म्हणायचे, "अक्काबाईची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." हे ऐकले की अक्काबाई रुमाल सारखा करायची आणि दुसरीकडे पाहायची. पण तेवढ्या एका वाक्यावर तिचा सगळा हंगाम आनंदात जायचा.

हजेरी मांडायची तिची रीत मात्र निराळी होती. सकाळी माणसे मोजून ती खूण करत नसे. संध्याकाळी प्रत्येकीच्या वाट्याची ओळ चालत पाहायची, कलमे नीट बांधली आहेत का, पट्टी सैल नाही ना, हे तपासायची आणि मगच नावापुढे खूण. "ओळ पुरी, तर हजेरी पुरी," हा तिचा कायदा.

अकराव्या जागेवर बसणारी तृप्ती ही तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा तृप्ती आश्रमशाळेत दहावीला होती. परीक्षा झाल्यावर अक्काबाईने तिला खाली आणले आणि हातात चाकू दिला. मुलगी वर्षभरात मावशीच्या पुढे गेली. कलम भरणे हे दिसते तितके सोपे नाही. खुंट चिरायचा, दोन डोळ्यांच्या काडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप द्यायचा, साल सालीला भिडेल अशी ती चिरेत बसवायची आणि हवा शिरणार नाही अशी पट्टी गुंडाळायची. काप एका झटक्यात आला पाहिजे. चाकू दुसऱ्यांदा फिरवला की कलम दगावलेच. तृप्तीचा चाकू दुसऱ्यांदा फिरत नसे. तिने भरलेल्या शंभर कलमांतली पंच्याण्णव फुटायची. नाना नवीन बाग लावायची म्हटली की आधी विचारायचे, "ती तृप्ती येणार आहे ना?"

पण तृप्तीला सिकलसेल होता. ओझरच्या डॉक्टरांनी अक्काबाईला समजावले होते की, या पोरीच्या रक्तातल्या पेशी मधूनच विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. चार आठवडे, सहा आठवडे ती इतर कोणाहीसारखी असायची. हसायची, गाणी म्हणायची, दोन ओळी भरून तिसरीला हात घालायची. आणि मग एखाद्या सकाळी हाडांत कोणी खिळे ठोकावेत तशी कळ यायची. डोळे पिवळे, बोटे सुजलेली, पाणी प्यायला भांडे धरता येत नाही. कधी चार दिवस, कधी बारा दिवस. कधी खोलीतच, कधी सरकारी दवाखान्यात सलाईनवर. मग कळ आली तशी ओसरायची आणि तृप्ती पुन्हा नाक्यावर हजर.

त्या दिवसांत तिची ओळ रिकामी राहत नसे. डोंगरात सावडीची चाल आहे. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. आजारी माणसाची लावणी सगळ्यांनी मिळून उरकायची आणि उरकल्यावर तोंडातून ब्र काढायचा नाही. मदत केली असे बोलून दाखवणे म्हणजे ती परत मागणे. टोळीने ही चाल बागेत आणली. तृप्ती पडली की जिची ओळ आधी संपेल ती तृप्तीच्या ओळीला लागायची. संध्याकाळी अक्काबाई ओळ पाहायची. ओळ पुरी. तृप्तीच्या नावापुढे खूण.

बारा वर्षे असे चालले. मग वय वाढले तसे दुखण्याचे दिवस वाढू लागले. दवाखान्यातल्या सिस्टरांनीच सुचवले की हा आजार आता दिव्यांगांच्या यादीत आहे, डॉक्टरांच्या बोर्डापुढे जा, दाखला घे आणि सरकारी पेन्शनचा अर्ज कर. तीन खेपा घालून दाखला मिळाला. अर्ज कचेरीत गेला. अर्जाची चौकशी करायला तलाठी आला. नाव बुद्धभूषण, वय तिशीच्या आतबाहेर, कामाला चोख. तो वस्तीत गेला तर तृप्ती घरी नव्हती, कारण त्या आठवड्यात ती बरी होती. शेजारच्यांनी सांगितले, कामावर गेली. तो सरळ नानांच्या बागेत आला. तृप्ती पाटावर बसून कलम भरत होती.

"ही रोज येते का कामाला?" त्याने अक्काबाईला विचारले.

आणि इथे अक्काबाईने जन्मात केली नव्हती अशी चूक केली. सरकारी माणसासमोर आपल्या भाचीचे नाव खाली पडू नये म्हणून तिने स्वतः होऊन वही पुढे केली. "घ्या की साहेब, बघा. माझ्या टोळीत आळशी कुणी नाय. हिचा तर तीन हंगामांत एक खाडा दावा मला!"

बुद्धभूषणने पाने उलटली. मोबाइलवर फोटो काढले. "छान ठेवलीय वही," तो म्हणाला. अक्काबाईला दिवसभर बरे वाटत राहिले.

दीड महिन्याने पत्र आले. तृप्तीने ते उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचले. अर्जदार ही नियमित मजुरीवर हजर असल्याचे हजेरी वहीवरून दिसून येते, सबब अर्ज नामंजूर. हरकत असल्यास सुनावणीची तारीख अमुक.

 भिका खाटेवरून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण केलंस. तुझ्या वहीनं पोरीचा घात केला."

"तुम्ही गप बसा," अक्काबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टोळीत हाच विषय. लंकाबाई टोळीत सगळ्यांत जुनी आणि जिभेने सगळ्यांत तिखट. तिने भाकरीचा तुकडा मोडता मोडता उपाय सांगितला. "त्यात काय एवढं? तृप्तीनं चार महिने घरी निजून राहायचं. तलाठी आला की कण्हायचं. काठी घ्यायची हातात. माझा दीर नाय का, पेन्शनच्या दिवशी लंगडतो आन् लग्नात नाचतो!"

बायका हसल्या. तृप्ती हसली नाही. "लंकामावशी, मला धड असताना लंगडायला नाय जमणार. आन् कलम सोडून निजून राहिले, तर दुखण्याआधी मीच मरंल."

"मग अक्का म्हणू दे की वही पिकअपवाल्यानं लिहिली, चुकून लिहिली."

"अक्षर माझं हाय," अक्काबाई म्हणाली. "अख्ख्या दिंडोरी नाक्याला ठावं हाय."

तिला दोन्ही बाजूंनी कात्री लागली होती. वही खरी म्हणावी तर पोरीची पेन्शन बुडते. वही खोटी म्हणावी तर इतक्या वर्षांची पत नानांसमोर मातीत जाते. कारण सुनावणीला नानांनाही मालक म्हणून बोलावले होते. उद्या नाक्यावर बभ्रा झाला, अक्काबाई खोटी हजेरी मांडते, तर कोणता बागाईतदार टोळी नेईल? पाच दिवस ती कमी जेवली आणि कमी बोलली. सहाव्या दिवशी तिने ट्रंकेतून तिन्ही हंगामांच्या वह्या काढल्या, पिशवीत घातल्या आणि टोळीला सांगितले, "उद्या बागेला सुट्टी. सगळ्या कचेरीत चला. लुगडी धुतलेली नेसा."

कचेरीत नायब तहसीलदार मॅडम होत्या. पन्नाशीच्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या, बोलायला मोजक्या. एका बाजूला बुद्धभूषण कागद घेऊन, दुसऱ्या बाजूला नाना टोपी मांडीवर ठेवून. दाराबाहेर दहा बायका.

मॅडमनी आधी तृप्तीला जवळ बोलावले. "कशी आहेस?"

"बरी हाय मॅडम," तृप्ती म्हणाली.

दारातून लंकाबाईचा आवाज आला, "मेली! अगं, इथं तरी खरं बोल!"

मॅडमना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. "खरंच तर बोलतेय ती. आज बरी आहे. दिसतेच आहे. मग पेन्शन कशाची?" त्यांनी वहीचा फोटो पुढे सरकवला. "अक्काबाई, ही वही तुमची?"

"माझी."

"यात तृप्ती तीन हंगाम रोज हजर आहे. हे खरं की खोटं?"

अक्काबाईने एकदा नानांकडे पाहिले. नाना टोपीची कड बोटाने चाचपत होते. ती म्हणाली, "मॅडम, यातली अर्धी गोष्ट खरी हाय. तृप्तीची ओळ रोज पुरी झाली, हे खरं. रोज तृप्तीनंच केली, हे खोटं. ती पडायची तेव्हा तिची ओळ आम्ही भरायचो. सावडीनं. आन् खूण मी तिच्या नावावर करायची. खोटं लिहिते असं मला कधी वाटलंच नाय. ओळ पुरी झाली, एवढंच मी बघत होते. पर तुमच्या कागदाला माणूस लागतो, ओळ नाय. तर माणसाच्या हिशेबानं ही हजेरी खोटी हाय. मी मांडली. चूक माझी, पोरीची नाय."



"अक्काबाई," नाना हळूच म्हणाले, "तू इतकी वर्षं माझ्याकडे..."

"नाना, तुमचं एक कलम कमी भरलं असंल तर ह्या मॅडमसमोर सांगा. आत्ता सांगा."

नानांनी थोडा विचार केला. माणूस व्यवहारी, पण सरळ. "नाही," ते म्हणाले. "ओळ कधी अपुरी नव्हती. तेवढं मी लिहून देतो."

मॅडमनी चष्मा काढला. "अक्काबाई, पेन्शनसाठी आज कोणीही येऊन म्हणेल की वही खोटी होती. मी विश्वास कशावर ठेवू?"

अक्काबाईने पिशवीतून वह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. तिला वाचायची गरज नव्हती, तृप्ती कधी कधी पडली ते तिला पाठ होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून नऊ दिवस, ओझरची खालची बाग. तेव्हा लंकाबाईने आणि तिच्या सुनेने ओळ भरली. घटाच्या चौथ्या माळेपासून पाच दिवस, निफाडची बाग. त्यात पहिले दोन दिवस स्वतः अक्काबाईने. असे ती सांगत गेली आणि बुद्धभूषण लिहीत गेला. मग मॅडमनी तिला बाहेर बसवले आणि एकेक बाई आत बोलावून तेच विचारले. लंकाबाईचा तर आत गेल्यावर सूर पालटला. "पोळ्याच्या वेळचे व्हय? माझी बोटं अजून दुखत्यात. पर मी हे तुम्हाला सांगितलं असं तृप्तीला कळायला नको हां. आमच्यात बोलून दाखवत नाय." बाकीच्यांचेही तसेच. कोणी दिवस एक-दोनाने चुकल्या, पण बाग आणि माणसे जुळत गेली.

खरा निकाल लावला तो बुद्धभूषणने. तृप्तीच्या पिशवीतले दवाखान्याचे कागद तो एकीकडे चाळत होता. त्यातला डिस्चार्जचा एक कागद त्याने वहीच्या पानाशेजारी ठेवला, पुन्हा पाहिला आणि उठून मॅडमपुढे नेला. "मॅडम, हे दिवाळीच्या आधीचे सात दिवस. दवाखान्याच्या कागदावर ती भरती आहे. वहीत त्याच सात दिवशी हजर आहे. एकच बाई खाटेवर आणि बागेत कशी असेल?" मग त्याने खाली पाहिले. "हे कागद अर्जाला जोडलेले होते. मी वही पाहिली आणि तिथेच थांबलो. मी एकाच दिवशी गेलो होतो, आणि तो तिचा बरा दिवस होता."

दुखण्याचे सगळे दिवस मोजले तर शेवटच्या हंगामात ते निम्म्याला थोडे कमी भरले.

मॅडमनी तृप्तीला पुन्हा बोलावले. "बाकीचे दिवस तू काम करतेस, हे कबूल?"

तृप्ती सरळ उभी राहिली. "करते मॅडम. आन् चांगलं करते, नानांना विचारा. बरी असते तेव्हा मला कुणाचं काय नको. पर दुखणं मला विचारून येत नाय. रात्री निजताना, गाडी उद्या कामावर नेईल का दवाखान्यात, हे मला सकाळपर्यंत कळत नाय. माझी ओळ ह्या बायकांनी बारा वर्षं भरली. त्यांचीबी वयं झाली. आता थोडी सरकारनं भरावी, एवढंच मागते."

लंकाबाई दारात पदराने नाक पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "वय झालं म्हणते माझं. बघितलंस?"

"चौकशीचे जे रकाने आहेत," मॅडम बुद्धभूषणला म्हणाल्या, "त्यात दोनच उत्तरं आहेत. काम करते, काम करत नाही. हिचं तिसरं उत्तर आहे. ते खाली शेऱ्यात लिहा. सविस्तर लिहा. सगळ्यांचे जबाब जोडा." मग अक्काबाईकडे वळून त्यांनी विचारले, "सही येते ना?"

"येते," अक्काबाई म्हणाली. एरवी ती नुसते नाव लिहायची. त्या दिवशी तिने नवऱ्याचे नाव आणि आडनावही लिहिले, वेळ लागला तरी. तिच्याखाली आठ जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले आणि नानांनी वळणदार अक्षरात आपले दोन ओळींचे निवेदन दिले.

कचेरीतून बाहेर पडताना नाना तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. टोपी घातली आणि गाडीत बसून गेले. अक्काबाईला ते लागले. पण बायका तिच्याभोवती अशा चालत होत्या, जणू वरातीत नवरी मध्ये आहे. भिका बाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. त्याने विचारले, "काय झालं?" लंकाबाईने परस्पर उत्तर दिले, "काय व्हायचं? तुझ्या बायकोनं भर कचेरीत सांगितलं की मी खोटी हाय, आन् सगळ्यांत खरी तीच ठरली!"

मंजुरीचा आदेश सव्वा महिन्याने आला. त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते की अर्जदाराचा आजार अधूनमधून उद्भवणारा असून, बरे असलेल्या दिवसांतील मजुरी ही नियमित उत्पन्न धरता येणार नाही. तृप्तीने तो शेरा तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचताना भिकाने रेडिओ बंद केला. नानांचा फोन त्यानंतर चार दिवसांनी आला. बोलणे सुनावणीबद्दल नव्हते. "वरच्या बागेत खुंट तयार झालेत. टोळी कधी आणतेस?" एवढेच. अक्काबाई म्हणाली, "सोमवारी. पर नाना, आता माझ्या वहीत खाडा दिसंल. आन् त्याखाली ओळ कुणी भरली, तेबी दिसंल." नाना म्हणाले, "दिसू दे. बाग भरल्याशी काम."

ही गोष्ट नाक्यावर पसरायला वेळ लागला नाही. एका सकाळी दुसऱ्या टोळीतली एक बाई अक्काबाईशेजारी येऊन घुटमळली. बराच वेळ तिने पिकअपची चौकशी केली, थंडीची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, माझ्या लेकाचं एक होतं. तिशीचा हाय. सहा-सहा महिने चांगला असतो, मग दीड-दोन महिने घराच्या बाहेर पडत नाय, जेवत नाय, भिंतीकडं तोंड करून बसतो. दवाखान्याचे कागद हायेत. कचेरीत म्हणत्यात, धडधाकट दिसतो. तुम्ही बोललात तसं मला येत नाय. याल का संग?"

अक्काबाईने तिला बाजूला घेतले. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तृप्तीने बाकीच्या जणींना चढवायला सुरुवात केली.

"येईन," अक्काबाई म्हणाली. "पर आधी मला सांग, बरा असतो तेव्हा काय करतो तो?"

बाई गोंधळली. तिला वाटले हे लपवायचे असते. "मोटारी भरतो," ती चाचरत म्हणाली. "पाण्याच्या. जळालेल्या. रिवाइंडिंग."

"चांगल्या भरतो?"

"लय चांगल्या," बाईच्या तोंडून निसटले. "त्याच्या हातची मोटार परत येत नाय."

"मग कचेरीत हे पहिलं सांगायचं," अक्काबाई म्हणाली. "ताठ मानेनं सांगायचं. बाकीचं त्याच्या मागून."